जिद्द आहे, पण तोंड उघडत नाही

दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या, म्हणजे जागतिक कर्करोग दिनाच्या आसपास एक ठरावीक गोष्ट वर्तमानपत्रांतून, व्यासपीठांवरून आणि व्हॉट्सॲपवरून फिरू लागते. कुणाला तरी तोंडाचा कर्करोग होतो, घरचे खचतात, डॉक्टरही हात टेकतात. पण गडी हिंमत हरत नाही आणि वर्षभरात ठणठणीत होऊन कामाला लागतो. शेवटी वक्ते सांगतात, निम्मा आजार मनाचा असतो आणि खरं औषधही मनातच असतं. लोक टाळ्या वाजवतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण तोंडाच्या कर्करोगातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट चुकीची आहे आणि तिच्यामुळेच त्याला हक्काची मदत मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझा थोरला भाऊ तालुक्याच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचा. ट्रॅक्टरच्या रांगेतून चालत एका दमात भाव चढवत नेणं हे त्याचं काम, आणि त्याच्या आवाजाला आवारात मान होता. तंबाखू-चुना तरुणपणापासूनचा. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत जखम झाली ती भरेना. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याची डावी बाजू आणि मानेतल्या गाठी काढल्या. मोकळ्या झालेल्या जागी छातीचा स्नायू कातडीसकट वर वळवून बसवला. मग सहा आठवडे किरणोपचार, जोडीला केमो. खर्चाचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उचलला आणि सर्जननी काम चोख केलं. त्या दोघांची मी कायमची ऋणी आहे. माझी तक्रार त्यापुढच्या काळाबद्दल आहे.

किरणोपचाराच्या शेवटच्या दिवशी फाइल हातात आली आणि निरोप मिळाला: उपचार संपले, आता पॉझिटिव्ह राहा, दोन महिन्यांनी दाखवायला या.

उपचार संपले त्या दिवशी दादाच्या नाकात नळी होती. तोंडात सगळीकडे सोलवटलेलं, लाळ चिकट होऊन घशात अडकायची, कशाचीच चव लागत नव्हती. खालचा ओठ बधिर असल्यामुळे पाणी कोपऱ्यातून गळायचं ते त्याला कळायचं नाही. उपरण्याचं टोक सतत हनुवटीशी. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बोललेलं वहिनींना कळायचं, मला निम्मं कळायचं, शेजाऱ्यांना काहीच नाही. आणि तोंड उघडायचं जेमतेम दीड बोट. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात.

आता या दीड बोटाला जिद्द काय करणार? किरणांमुळे चावण्याचे स्नायू आणि त्यांच्या भोवतालचा भाग हळूहळू तंतुमय आणि ताठ होत जातो. किरणोपचार थांबले तरी हे आखडणं थांबत नाही, पुढे महिनोन्‌महिने चालू राहतं. गुटखा-सुपारी खाणाऱ्या कित्येकांना सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होण्याचा विकार, आधीपासूनच असतो. त्यांचं तोंड ऑपरेशनच्या आधीच कमी उघडत असतं. याला उपाय आहे आणि तो साधा आहे: जबड्याचे व्यायाम. मात्र ते लवकर सुरू व्हावे लागतात, दिवसातून अनेकदा करावे लागतात आणि कुणीतरी एकदा नीट शिकवावे लागतात. उशीर झाला की ताठरलेला स्नायू सैल करणं फार कठीण होऊन बसतं.

आम्हाला ते शिकवले तपासणीच्या रांगेतल्या एका बाईंनी. त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन आमच्या आधी झालेलं. त्यांनी वहिनींना सांगितलं, आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या आणा. दातांच्या फटीत जेवढ्या बसतील तेवढ्यांची गड्डी करा, ज्या बाजूच्या दाढा शाबूत आहेत तिथे सरकवा आणि गड्डीच्या मधोमध हळूच आणखी एक काडी घाला. ताण बसला पाहिजे, डोळ्यांत पाणी येईस्तोवर नाही. थोडा वेळ धरा, सोडा, पुन्हा धरा. वहिनी त्या काड्या धुऊन उन्हात वाळवायच्या आणि स्टीलच्या डब्यात ठेवायच्या. झाकणावर खडूने त्या दिवशीचा आकडा. एका काडीची भर पडायला कधी कधी आठवडे जायचे. भर पडली की वहिनी मला फोन करून सांगायच्या. भाकरीचा तुकडा ताकात कुस्करून का होईना तोंडात जाऊ लागला, तो या डब्यामुळे.

ही माहिती रांगेतल्या बाईंकडून का मिळावी? ज्या इमारतीत इतकी अवघड शस्त्रक्रिया होते, तिथून बाहेर पडताना माणसाला त्याचा जबडा कसा उघडायचा हे कुणी सांगू नये, याचं स्पष्टीकरण काय? मला जे सापडतं ते असं: जबडा, खांदा, गिळणं, बोलणं हे सगळं आपण रुग्णाच्या मनोधैर्याच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. सुधारला तर त्याची जिद्द, नाही सुधारला तर तो खचला.

खचला म्हणजे काय होतं, तेही सांगते. काही महिन्यांनी दादा दिवसदिवस झोपून राहू लागला. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करायचा. चेहरा सुजल्यासारखा, थंडी वाजायची, कशात लक्ष नाही. नातेवाइकांनी रांग लावली. एका मामांनी त्याला दोन तास समजावलं की मरणाच्या दारातून आलास, आता रडगाणं कसलं. पुढच्या तपासणीला एका तरुण निवासी डॉक्टरने रक्ताची टीएसएच तपासणी लिहून दिली. थायरॉइड मंदावली होती. मानेवर किरण पडलेल्या रुग्णांत हे वारंवार घडतं; म्हणूनच सहा ते बारा महिन्यांनी ही तपासणी करत राहावी, असा वैद्यकीय नियम आहे. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत दादा अंगणात येऊन बसू लागला. मामांचे ते दोन तास त्याने निमूट ऐकून घेतले होते. त्याला खरंच वाटलं होतं की आपण नालायक आहोत.

सगळी उदासी थायरॉइडची नसते, हे उघड आहे. चेहरा बदललेला असतो. आरशात दिसतो तो आपण नव्हे असं वाटतं. तोंडातून गळतं म्हणून माणूस पंगतीला बसत नाही, लग्नकार्याला जात नाही, फोन उचलत नाही. नवरा-बायकोतला जवळिकीचा प्रश्न तर आपल्याकडे कुणी तोंडावर आणतच नाही. दादा सहा महिने स्वयंपाकघराकडे पाठ करून एकटा जेवला. आणि या सगळ्यावर जिद्दीच्या गोष्टींनी एक भीती आणून बसवली. बोलता येत नव्हतं तेव्हा तो कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायचा. एका रात्री त्याने लिहून दाखवलं: ‘मी घाबरलो तर ते परत येईल का?’

मनात औषध असतं असं सांगणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. कारण त्यांच्या सिद्धान्तातून हाच निष्कर्ष निघतो. मनाने रोग बरा होत असेल, तर मन डगमगलं की रोग परतणार. म्हणजे ज्याचा अर्धा जबडा गेला आहे, त्याने भीती वाटणं हासुद्धा अपराध मानायचा. 

खरं उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोकं आणि मान या भागांच्या कर्करोगाचे, म्हणजे दादासारखेच, १,०९३ रुग्ण त्यात होते. किरणोपचारांच्या दोन मोठ्या चाचण्यांत सहभागी झालेल्या या रुग्णांची सुरुवातीची भावनिक स्थिती नोंदवलेली होती. अभ्यासाच्या काळात त्यांतले ६४६ जण दगावले. कोण जगलं आणि कोण गेलं याचा त्यांच्या भावनिक स्थितीशी संबंध आढळला नाही. उमेदीत असलेले जास्त जगले नाहीत, उदास असलेले लवकर गेले नाहीत. मी हे दादाला वाचून दाखवलं. त्याला त्यातून जो दिलासा मिळाला, तो कुठल्याच प्रेरणादायी गोष्टीने दिला नव्हता: घाबरायची मुभा मिळाली.

यावर कुणी म्हणेल, मनाचा काहीच परिणाम होत नाही का? होतो. उदासीने घेरलेला माणूस जेवत नाही, व्यायाम सोडतो, तपासणी चुकवतो, पुन्हा तंबाखूची पुडी उघडतो. या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा बराच जास्त असतो, हे अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीच्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. पण यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की उदासीवर उपचार व्हायला हवेत, समुपदेशकाने, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाने. ताप आलेल्या माणसाला आपण ताप सोड असं बजावत नाही. केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक; किमान तो तरी फाइलच्या मुखपृष्ठावर छापायला काय हरकत आहे? अर्थात ज्याचं बोलणं कळत नाही त्याने फोनवर काय करायचं, हा प्रश्न उरतोच. म्हणून समोर बसणारं माणूस लागतं.

महाराष्ट्रात या वादात शरद पवारांचं नाव आल्याशिवाय राहत नाही. पवार साहेब बघा, असं दादाला इतक्या लोकांनी सांगितलं की पुढे पुढे तो नुसती मान हलवायचा. २००४ साली, ऐन लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत त्यांना तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया, किरणोपचार झाले. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि २०१४ पर्यंत राहिले. त्यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. तंबाखू-गुटख्याविरुद्ध ते स्वतःचा अनुभव उघडपणे सांगत आले, यामुळे किती जणांच्या हातची पुडी सुटली असेल. पण त्यांच्या उदाहरणातून जिद्द तेवढी उचलायची आणि बाकीचं सोडून द्यायचं, हे बरोबर नाही. उत्तम डॉक्टर हाताशी असणं, रोजगार बुडण्याची धास्ती नसणं, आपलं अस्पष्ट बोलणंसुद्धा लोकांनी कान देऊन ऐकणं, हेही त्या बरं होण्यात होतं. दादा बोलायला लागला की समोरचा वहिनींकडे बघतो.

आणि पवारांचं नाव घेणाऱ्यांनी आर. आर. (आबा) पाटलांचंही घ्यावं. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा हा मुलगा गरिबीतून, कष्ट करत शिकला, जिल्हा परिषदेपासून उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोचला, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून त्यांनी गावंच्या गावं झाडायला लावली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, तोंडाच्याच कर्करोगाने आबा गेले. त्यांची जिद्द कमी पडली, असं म्हणायची कुणाची प्राज्ञा आहे? मग जे वाचले ते जिद्दीने वाचले, असं म्हणताना आपण जे गेले त्यांच्याबद्दल नकळत काय बोलून जातो, याचा विचार व्हायला हवा.

गावाकडे दुसरं एक वाक्य याहून जास्त ऐकू येतं: केलं तसं भोगलं. तोंडाने खाल्लं, तोंडानेच फेडलं. हे वाक्य मी मयताच्या घरीसुद्धा ऐकलं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. म्हणजे जवळजवळ दर चौथा माणूस. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात घरोघरच्या बायकांच्या हाती मिश्री, शेतावर मजुराला चहाबरोबर चिमूटभर तंबाखू. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी तो कुठल्या टपरीवर मिळतो हे शाळकरी पोरांना माहीत असतं. इतक्या उघड्यावर, इतक्या लहान वयात, सगळ्यांच्या देखत लागलेल्या व्यसनाचा हिशेब एकट्या रुग्णाकडे मागायचा? शिवाय या दूषणाचा परिणाम उलटाच होतो. शरमेपोटी माणूस तोंडातला पांढरा चट्टा लपवतो. ऑपरेशननंतर तलफ आली तर ती डॉक्टरांपासूनही लपवतो, आणि त्याच तोंडात दुसरी गाठ होण्याचा धोका वाढतो. निकोटिनची तलफ मोडायला मदत लागते. लाज घालून ती मोडत नाही.

माझ्या म्हणण्याला एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो घेणारी माणसं स्वतः राबणारी आहेत. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तो मला फार कळकळीने सांगितला. जागतिक अंदाजांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि मुखाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण निघाले. पुरुषांमध्ये तर हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग. ऑपरेशनसाठी रांगा, किरणोपचाराच्या यंत्रांसाठी रांगा. अशा वेळी आधी जीव वाचवायचा की बोलणं सुधारायचं?

हा पेच खरा असता तर मी गप्प बसले असते. पण जीव वाचवणं आणि गिळणं, खाणं, तोंड उघडणं या वेगळ्या गोष्टी नाहीत. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हायला हवेत आणि मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला की उरल्यासुरल्या पेशी वाढायला वाव मिळतो. खंड का पडतो? बऱ्याचदा रुग्णाला गिळवत नाही, वजन झपाट्याने उतरतं, अंगात त्राण राहत नाही म्हणून. नळीतून द्यायचं पेज-वरण किती पातळ हवं, ते मिक्सरमधून काढून फडक्याने गाळलं नाही तर नळी तुंबते, दिल्यावर पाणी घालून नळी साफ करायची आणि रुग्णाला अर्धा तास बसतं ठेवायचं, हे घरच्यांना शिकवणं म्हणजे किरणोपचार पूर्ण होण्याची तजवीज करणं आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने २०१३ साली घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास मांडला. किरणोपचार चालू असताना जे थोडंबहुत तोंडाने खात राहिले आणि गिळण्याचे व्यायाम करत राहिले, त्यांचं नंतरचं खाणंपिणं अधिक चांगलं राहिलं. दाताचंही तेच. लाळ आटली की दात किडतात, आणि किरण घेतलेल्या जबड्यातला दात नंतर उपटला तर हाड भरून न येता कुजण्याचा धोका असतो. म्हणून दात आधीच तपासायचे. यातल्या एकाही गोष्टीला महागडं यंत्र लागत नाही.

शिवाय आता माणसं जगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगाला दाखवून दिलं की तोंडाच्या प्राथमिक अवस्थेतल्या कर्करोगात मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात; गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. सार्वजनिक रुग्णालयाचं हे काम अभिमान वाटावा असंच आहे. पण मान उघडली की खांद्याची नस वाचवली तरी दुखावते, आणि व्यायाम न मिळालेला खांदा जखडतो. ज्या शहाणपणाने ते आयुष्य वाढवलं, त्याच शहाणपणाने तो खांदाही बघायला हवा. हमालाला खांदा लागतो. आणि समजा या सगळ्याने आयुष्य एका दिवसानेही वाढत नसेल, तरी आहे त्या दिवसांत स्वतःच्या नातवाला हाक मारता येणं हा माणसाचा अधिकार आहे.

कामाचं म्हणाल तर दादा आता लिलाव पुकारत नाही. समितीच्या कार्यालयात नोंदी लिहितो, पगार पूर्वीपेक्षा कमी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे. बोलण्याचं कायमचं नुकसान झालेल्या माणसाला तपासणी करून प्रमाणपत्र मागता येतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच कायद्याने ॲसिड हल्ल्यात विद्रूप झालेल्यांची दखल घेतली, ते योग्यच केलं. कर्करोगाने चेहरा गेलेल्यांचा मात्र तिथे वेगळा उल्लेख नाही.

मागणं फार नाही. रुग्ण घरी जाताना हातात दिल्या जाणाऱ्या कागदावर औषधांच्या खाली आणखी काही ओळी असाव्यात: जबड्याचे आणि खांद्याचे व्यायाम कोण, कुठल्या वारी, कुठल्या खोलीत शिकवणार, गिळण्या-बोलण्याचा तज्ज्ञ जिल्ह्यात कुठे बसतो, दात कधी दाखवायचे, टीएसएच कधी करायची, तंबाखू सोडवायला आणि मन मोकळं करायला कुणाला भेटायचं. आणि हे शिकवणाऱ्या माणसांची पदं जिल्हा रुग्णालयांत मंजूर होऊन भरली जावीत. धीर द्यायला आम्ही घरचे आहोत, तेवढं आमच्यावर सोडावं.